दाण्यातली घडी

(प्रस्तावना)

ऑक्टोबरात वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली की हर्राशीआधी माल तपासला जातो. मूठभर दाणे तळहातावर घेऊन काडीकचरा पाहायचा, डागी आणि फुटका दाणा किती ते पाहायचं, मग ओलावा मोजायच्या यंत्रात थोडा माल टाकायचा. आकडा बाराच्या आत असेल तर ठीक, वर गेला की भाव उतरतो. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं हमीभावाच्या खरेदीसाठी ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली तेव्हा ते तीन टक्के बातमीचा विषय झाले होते. तेलाचा अंदाज व्यापाऱ्याच्या डोक्यात पक्का असतो. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्के. प्रथिन मात्र त्याच्या दुप्पट, जवळपास ४० टक्के, आणि या सगळ्या पाहणीत त्याची चौकशी कुणी करत नाही.

हे पुस्तक त्या न मोजलेल्या ऐवजाबद्दल आहे. प्रथिनांची रचना, त्यांचं काम आणि शरीरातला त्यांचा चयापचय हे तीन विषय बहुतेक पाठ्यपुस्तकांत माणसापासून सुरू होतात: रक्तातलं हिमोग्लोबिन, स्वादुपिंडातलं इन्सुलिन, स्नायूतलं मायोसिन. त्या वाटेत एक खोट आहे. माणसापासून सुरुवात केली की प्रत्येक प्रथिन आपल्या उपयोगासाठीच घडलं असावं असा भास होतो, आणि आहाराच्या प्रकरणात तो पक्का होतो. म्हणून इथे सुरुवात दाण्यापासून केली आहे. दाण्यातलं प्रथिन आपल्यासाठी घडलेलं नाही. ते ज्याच्यासाठी घडलं त्याच्या हातून काढून घेऊन, मोडून, आपण ते वापरतो. ही मोडतोड कशी होते आणि दाणा तिला विरोध कसा करतो, हे समजलं की रचना, काम आणि चयापचय हे तीन वेगळे धडे राहत नाहीत.

त्यासाठी वाशीमइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. खरिपात निम्म्याहून अधिक शेत सोयाबीनखाली, त्यात तुरीची तासं, रब्बीत हरभरा. तिन्ही पिकं शेंगवर्गीय, म्हणजे वाशीम हा सरळसरळ प्रथिनं पिकवणारा जिल्हा झाला. हाच जिल्हा २०१८ साली गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादसोबत केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला, आणि त्या यादीच्या निकषांत आरोग्य आणि पोषण होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘पिकवतात पण खात नाहीत’ असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. ते अर्धवट आहे. का, ते पुढे येईल.

आधी रचना. अमिनो आम्लांची साखळी म्हणजे प्रथिन, हे बारावीच्या मुलांना पाठ असतं. पण साखळी नुसती लांब असून भागत नाही. पेशीतल्या पाण्यात ती स्वतःवर वळते, मुडपते आणि एका ठरावीक घडीत स्थिरावते. प्रथिनाचं काम त्या घडीत असतं. घडी मोडली की अमिनो आम्लं तीच राहूनही काम थांबतं. कोणती घडी पडणार हे साखळीतल्या क्रमातच ठरलेलं असतं, हे क्रिश्चन अनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावर दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं. साखळीला कोणत्या कोनात वळता येतं आणि कोणत्या कोनात अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा त्याआधीच, १९६३ साली, मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी काढला होता. जगात कुठेही नवी रचना सोडवली गेली की तिच्या पडताळणीत आजही हा नकाशा असतो.

सोयाबीनच्या दाण्यात मुख्य प्रथिनं दोन, ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन. ग्लायसिनिनचा रेणू सहा उपघटकांचा: तीन-तीनांची दोन कडी एकमेकांवर टेकलेली. कॉनग्लायसिनिन तिघांचंच. ग्लायसिनिनची पूर्ण स्फटिक रचना जपानी संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केली. ही दोन्ही प्रथिनं कुठलीही रासायनिक क्रिया घडवत नाहीत, कुणाला वाहून नेत नाहीत. दाण्याच्या दोन डाळिंब्यांत, बारीक कोठारांसारख्या पोकळ्यांत, ती ठासून भरलेली असतात. त्यांचं काम पडून राहणं. जूनमध्ये पेरणी झाली, दाण्यानं पाणी ओढलं, की त्याच दाण्यातली विकरं जागी होतात आणि हा साठा तोडू लागतात. सुटणारी अमिनो आम्लं कोंबाकडे जातात. पानं हिरवी होईपर्यंत आणि मुळं चालू लागेपर्यंत रोप त्यावर निभावतं. थोडक्यात, सोयाबीननं प्रथिन साठवलं ते आपल्या पोरासाठी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसानं उभ्या शेंगांना आणि सोंगून ठेवलेल्या सुड्यांना कोंब फुटले तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात जो घास गेला, तो याच विकरांनी खाल्ला. दाण्याच्या दृष्टीनं त्यात चुकीचं काहीच घडलं नव्हतं. पाणी मिळालं, तो उगवला.

या साठ्यासाठी लागणारा नत्र येतो कुठून, याचं उत्तर मुळांवरच्या गाठींत आहे आणि ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. महिन्याभराचं रोप अलगद उपटा, गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामाची. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या दूरच्या भावाचा; आत तसंच लोह धरलेला हीम. गाठीतले जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात ते नायट्रोजनेज या विकरानं, आणि त्या विकराला ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. जिवाणूंना मात्र श्वासाला ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन तो धरून, मोजून देतं. मोकळा फिरू देत नाही. खतकारखान्यात याच कामाला ४०० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान आणि प्रचंड दाब लागतो. रोपाला ते जमिनीच्या तापमानाला जमतं, पण फुकट नाही: नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, निदान सोळा रेणू खर्च होतात. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळायचं ते यासाठी. ज्या शेतात सोयाबीन वर्षानुवर्षं आहे तिथे त्याची गरज किती, यावर पाचव्या प्रकरणात चर्चा आहे, आणि ती संवर्धक विकणाऱ्यांना फारशी आवडणार नाही.

आता विरोधाकडे. १९१७ साली अमेरिकेत टॉमस ऑसबोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी उंदरांना कच्चं सोयाबीन खाऊ घातलं. प्रथिन भरपूर असूनही उंदीर नीट वाढेनात. तेच सोयाबीन शिजवून दिल्यावर वाढले. कारण १९४५ साली हाती लागलं, मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एका प्रथिनाचे स्फटिक मिळवले तेव्हा. आज ते कुनिट्झ ट्रिप्सिन रोधक म्हणून ओळखलं जातं. १८१ अमिनो आम्लांचं हे लहानसं प्रथिन. ट्रिप्सिन हे आपल्या लहान आतड्यात काम करणारं विकर साखळीला लायसिन आणि आर्जिनिन या दोन ठिकाणी कापतं. रोधकानं नेमकं एक आर्जिनिन, साखळीतलं ६३ वं, बाहेर काढून धरलेलं असतं. ट्रिप्सिन त्याला खाद्य समजून पकडतं आणि गळाला लागलेल्या माशासारखं तिथेच अडकतं. कापणं पुरं होत नाही, सोडवणंही होत नाही. आतड्यात ट्रिप्सिन कमी पडतंय असं पाहून स्वादुपिंड आणखी सोडतं, तेही अडकतं. कच्चं सोयाबीन खाणाऱ्या कोंबडीच्या पिलांचं स्वादुपिंड त्यामुळे सुजल्यासारखं मोठं होतं. ओल्या उष्णतेनं रोधकाची घडी मोडते आणि भांडण मिटतं. भिजवून शिजवणं या साध्या क्रियेचा रेणूच्या पातळीवर अर्थ इतकाच. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं हा रोधक नसलेलं एनआरसी १२७ हे वाण मध्य भारतासाठी दिलं आहे, खाण्याच्या सोयाबीनसाठी. शेतकरी आजही ३३५, ९३०५ आणि फुले संगम या वाणांचीच चौकशी करतो, कारण बाजार त्याला वजनाचे पैसे देतो.

इथे कमला सोहोनींचं नाव घ्यायलाच हवं. दुर्गा भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला आणि त्यांनी तो हट्टानं मिळवला, ही गोष्ट दर विज्ञानदिनी सांगितली जाते. त्यांनी पुढे काय शोधलं हे सांगायला कुणाला वेळ नसतो. मला हा दुसरा अन्याय वाटतो. त्या संस्थेत त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. केंब्रिजला वनस्पतींच्या श्वसनातल्या सायटोक्रोम सी वर काम करून १९३९ साली डॉक्टरेट घेतली. परत येऊन मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र विभाग उभा केला, आणि १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांना घेऊन भारतीय भाज्यांत आणि कडधान्यांत ट्रिप्सिन रोधक कुठे-कुठे आहेत हे तपासत बसल्या. परदेशात सोयाबीनवर चाललेला प्रश्न त्यांनी आपल्या ताटावर आणला. साधनं तुटपुंजी होती, पैसे कमी होते, नीरेवरच्या, म्हणजे ताडाच्या ताज्या रसावरच्या, त्यांच्या कामासारखी प्रसिद्धीही या कामाला मिळाली नाही. या पुस्तकाचं तिसरं प्रकरण त्या कामाच्या वाटेनं जातं.

झाडानं रोधक कशासाठी बनवला असावा, याचं पूर्ण उत्तर सोपं नाही. एक उत्तर अळीशी आहे. तुरीच्या शेंगा पोखरणारी, हरभऱ्याच्या घाट्यात शिरणारी आणि कपाशीच्या बोंडातली हिरवी अळी ही एकच, हेलिकोव्हर्पा. तिच्याही आतड्यात ट्रिप्सिनच्या जातीची विकरं असतात. मग तुरीतला रोधक तिला का अडवत नाही? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटानं १९९९ च्या सुमारास याचा छडा लावला: आपल्या नेहमीच्या खाद्यझाडांच्या रोधकांना दाद न देणारी विकरं ही अळी बनवते, आणि खाद्य बदललं की विकरांचा संचही बदलते. ज्या झाडांवर ती सहसा जात नाही त्यांचे रोधक तिला जास्त अडवतात, पण एकाच रोधकावर फार काळ विसंबता येत नाही. घडीला उत्तर घडीनंच. शेतात फवारणीच्या पंपापलीकडे हा सामना चालू असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना प्रथिनंच लढतात.

आता ताटाकडे येऊ. तुरीचं वरण पोटात गेलं की जठरात पेप्सिन, पुढे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन त्याच्या साखळ्या कापतात. रक्तात पोचेपर्यंत तुरीची, सोयाबीनची किंवा अंड्याची अशी ओळख उरत नाही. उरतात अमिनो आम्लं. त्यांतून शरीर स्वतःच्या घड्या नव्यानं बांधतं, आणि हे काम थांबत नाही. प्रौढ माणूस रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडतो आणि तितकंच बांधतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आहारातून त्याला लागतं ते ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. बाकीचं जुन्यातलंच पुन्हा वापरलेलं. रक्तातल्या अल्ब्युमिनचं अर्ध आयुष्य २० दिवसांच्या आसपास, तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन १२० दिवस टिकतं. आणि शिलकीला कोठार नाही. चरबीसारखं प्रथिन साठवून ठेवता येत नाही. जास्तीच्या अमिनो आम्लांतला नत्र यकृत युरियाच्या रूपात बाहेर काढतं. हा युरिया बनवणारं चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ साली उलगडलं.

ज्वारीत लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. भाकर आणि वरण एकत्र आलं की एकाची उणीव दुसरं भरतं. पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक होतं असं म्हणायचा मोह इथे होतो. तसा पुरावा नाही. ज्वारी आणि तूर एका शेतात पेरली जायची, म्हणून एका ताटात आली, इतकं पुरे आहे.

आता ते अर्धवट राहिलेलं वाक्य, ‘पिकवतात पण खात नाहीत’. १९६० च्या दशकात जगभर ‘प्रथिनांचा तुटवडा’ हा मोठा धोका मानला गेला. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालच काढला. त्या काळात त्याला आकडेवारीनं उत्तर देणारा माणूस मराठी होता: साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचे संख्याशास्त्रज्ञ. भारतातल्या आहाराचे आकडे तपासून त्यांनी म्हटलं की ज्यांना पुरेसं अन्न मिळतं त्यांना प्रथिनही बहुधा पुरतं. कमी पडतं ते अन्नच. हैदराबादच्या पोषण संस्थेत सी. गोपालनही याच मताला आले होते. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लेरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रथिन-मोहिमेला फजितीच ठरवलं.

सुखात्म्यांच्या म्हणण्यामागे शुद्ध चयापचय आहे. ऊर्जा कमी पडली की शरीर अमिनो आम्लांतला नत्र काढून टाकतं आणि उरलेला सांगाडा जाळतं. उपाशी मुलाला प्रथिनाची भुकटी दिली तर ती स्नायू होत नाही, सरपण होते. पुढे सुखात्म्यांनी माणसाचं शरीर कमी अन्नाशी स्वतःला जुळवून घेतं असा सिद्धान्त मांडला, आणि पुण्यातच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतला, कारण त्यातून उपाशी माणसांची संख्या कागदावर घटत होती. त्या वादात माझा कल दांडेकरांकडे आहे, पण प्रथिनांच्या बाबतीत सुखात्मे बरोबर होते असंच मला वाटतं. गुणवत्ता बिनमहत्त्वाची आहे असा मात्र याचा अर्थ नाही. नुसत्या तृणधान्यावर वाढणाऱ्या लहान मुलाला लायसिन कमी पडतं, तिथे डाळ, दूध किंवा अंडं लागतंच. पण व्यायामशाळेबाहेर भुकटीचे मोठाले डबे विकत घेणाऱ्या धडधाकट पोरांनी वरचा युरियाचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

वाशीमचं बहुतेक सोयाबीन पोत्यांतून प्लांटला जातं. तिथे हेक्झेननं तेल काढून घेतलं की उरते ती डीओसी, ४६ ते ४८ टक्के प्रथिनाची पेंड. ती वाफेवर नीट भाजली गेली आहे का हे पाहायला प्लांटच्या प्रयोगशाळेत युरिएज तपासतात. युरिएज हे सोयाबीनमधलं दुसरं एक विकर; ते मेलं असेल तर रोधकही बहुधा मेला, असा तो हिशेब. नंतर पेंड कोंबड्यांना जाते आणि काही अंशी अंडी होऊन परत येते. युरिएजलाही इतिहास आहे. १९२६ साली जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या एका घेवड्यातून त्याचे स्फटिक काढले आणि विकर म्हणजे प्रथिनच, हे पहिल्यांदा सिद्ध केलं. वीसेक वर्षं त्यांच्यावर कुणी धड विश्वास ठेवला नाही, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल. नोबेल मात्र १९४६ उजाडल्यावर मिळालं.

संगणकानं घडी ओळखण्याबद्दल एक प्रकरण आहे आणि ते मुद्दाम लहान ठेवलं आहे. १९७१ साली प्रथिन-रचनांचा जागतिक संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात सात रचना होत्या. आता दोन लाखांवर आहेत. २०२० साली अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीनं नुसत्या क्रमावरून घडी सांगून दाखवली, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामाला आणि नवी प्रथिनं रचण्याच्या कामाला मिळून गेलं. वाशीम जिल्ह्यातल्याच रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या विद्यार्थिनीला ग्लायसिनिनची रचना आज मोबाइलवर फुकट फिरवून पाहता येते. पण घडी दिसली म्हणजे काम कळलं असं नाही. कुनिट्झ रोधकाची रचना कितीही सुंदर दिसली तरी झाडाला तो कशासाठी हवा, हे शेतात आणि अळीच्या आतड्यात पाहूनच ठरवावं लागतं.

प्रकरणं क्रमानं वाचायलाच हवीत असं नाही. गणिताची भीती असेल त्यांनी विकरांच्या वेगाचं सातवं प्रकरण सोडून पुढे जावं आणि वाटलं तर परत यावं. शिक्षकांना मात्र एक विनंती आहे: पहिलं प्रकरण शिकवण्याआधी वर्गात एक प्रयोग करून घ्या. दोन वाट्या घ्या. एकीत कच्च्या सोयाबीनचं पीठ, दुसरीत अर्धा तास उकळून वाळवून दळलेल्या सोयाबीनचं. दोन्हींत कोमट पाणी, चिमूटभर युरिया आणि थोडी घरची हळद टाका. हाताला आणि तोंडाला लागू देऊ नका, झाकून ठेवा. काही वेळानं कच्च्या पिठाच्या वाटीतली हळद लालसर होईल आणि झाकण काढलं की अमोनियाचा वास येईल; उकळलेल्या वाटीत हळद पिवळीच राहील. मग मुलांना विचारा, दुसऱ्या वाटीत काय कमी आहे. कुंपणावर अबईचा वेल असेल तर तिच्या सुक्या बियांचं पीठ तिसऱ्या वाटीत घ्या, आणि कोणती वाटी आधी लाल होते ते घड्याळ लावून लिहून ठेवायला सांगा.